खाली आलेला काटा

तिने नळाखालचा ग्लास उजेडाकडे धरला. पाणी गढूळ होतं. शनिवारपर्यंत या ग्लासातून पलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरंही वाचता येत होती.

भिंतीवरचा दाबाचा काटा मात्र कधी नव्हे इतका खाली होता.

"मामा, टाकीतले गाळणीचे पडदे कुणी बाहेर काढले?"

मामा, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या या प्लांटवरचे सर्वांत जुने ऑपरेटर, हात पुसत राहिले.

"मी विचारतेय."

"बुळबुळीत झाले होते, मॅडम. साय धरावी तसे. काल घासून काढले. आता बघा, लख्ख."

कोपऱ्यात तारेचा ब्रश पडला होता. नवा, मुठीवरचं प्लास्टिक अजून अर्धं तसंच. तिची कानशिलं तापली. सांडपाणी गाळणाऱ्या त्या पडद्यांची छिद्रं डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यांवर जिवाणूंचा थर चढतोच. तो औषधात भिजवून, हवेच्या बुडबुड्यांनी हळूहळू सोडवायचा असतो. त्यासाठी दोन दिवस प्लांट बंद ठेवा, असं तिने तीनदा लिहून दिलं होतं. प्लांटच्या साहेबांनी तीनदा नकार दिला होता.

"दाब उतरणारच, मामा. पडदे फाटलेत. घाण सरळ तलावात चाललीय, आणि गाव ते पाणी पितं. वीस वर्षं इथे काय झोपा काढल्यात?"

मामांनी मान खाली घातली. त्यांची बोटं ब्लीचने सोलली होती.

दार ढकलून साहेब आत आले, ते थेट काट्यापाशी.

"वा. काटा खाली, म्हणजे पडदे मोकळे! तुम्हाला दोन दिवस हवे होते ना, मॅडम? मामांनी एका रविवारात उरकलं. शिका जरा." त्यांनी मोबाइल काढून काट्याचा फोटो घेतला. "ब्रश बरा निघाला ना, मामा? तीन दुकानं पालथी घातली त्याच्यासाठी."

ती मामांकडे पाहत राहिली. मग तिने ग्लास साहेबांच्या हातात दिला, आणि तलावाकडे जाणाऱ्या पाइपाजवळ जाऊन व्हॉल्व्हचं चाक धरलं. ते जाम होतं.

"ओ मॅडम. तो बंद करायला माझी सही लागते."

तिने पाय रोवले आणि पुन्हा जोर लावला. चाक जेमतेम बोटभर हललं.

"मामा, सांगा यांना काहीतरी," साहेब म्हणाले.

सोललेल्या बोटांचे दोन हात तिच्या हातांशेजारी चाकावर आले.

"डावीकडे नाही, मॅडम," मामा हळू आवाजात म्हणाले. "उजवीकडे."