चोवीस टक्के

चंद्रव्वाला नाग चावला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. नदी शेतात शिरून दोन दिवस झाले होते. लाईट नव्हती, मोबाईलचे टॉवर बंद, ॲम्ब्युलन्सला फोन लागत नव्हता.

तिचा मुलगा रुद्रप्पा याची जीप दारातच उभी होती, पण टाकी कोरडी. आदल्या दिवशी पिण्याचं पाणी वर चढवायला त्यानंच डिझेल गावच्या जनरेटरला दिलं होतं. जवळच्या पंपावर डिझेल होतं, पण लाईटीवाचून ते वर येईना. म्हणून धाकटा भाऊ सिद्धाप्पा सकाळीच कॅन बांधून मोटारसायकलवर अक्कलकोटला गेला होता.

"सिद्धाप्पा येईलच आता. जीपमधनं पाऊण तासात अक्कलकोटच्या दवाखान्यात पोचू," रुद्रप्पा म्हणाला.

उपकेंद्राची नर्स प्रतिक्षा चंद्रव्वाच्या पायाला फळी बांधत होती. "अण्णा, अव्वाच्या पापण्या बघा, मिटायला लागल्यात. विषावरचं इंजेक्शन माझ्याकडं न्हाय. थांबून चालणार न्हाय."

प्रतिक्षाचा नवरा धम्मदीप भाजीच्या इलेक्ट्रिक टेम्पोजवळ उभा होता. तीनचाकी गाडी, मागं मोकळा हौदा. "चोवीस टक्के चार्जिंग हाय," तो म्हणाला. "पूल बुडलाय. वळसा घालून अक्कलकोट पंचवीस किलोमीटर. गाडी बावीस जाईल, लई तर तेवीस."

"आनि मग?"

"मग काय, ते तितं गेल्यावर बघू."

रुद्रप्पानं रस्त्याकडं पाहिलं. कुणीच येत नव्हतं. मोटारसायकल आणखी एखादी मिळाली असती, पण अव्वाची मान आता सरळ राहत नव्हती. त्यानं आईला उचलून हौद्यात गोधडीवर कुशीवर निजवलं.

"जरा जोरात घे की!" पहिल्या पाच किलोमीटरातच तो ओरडला.

"जोरात घेतली तर वाटंतच संपंल, अण्णा."

धम्मदीपची नजर आकड्यावरून हलत नव्हती. पंचविसाच्या वेगानं चिखलातून गाडी चालली होती. सोळा टक्के. अकरा. मागं प्रतिक्षा चंद्रव्वाच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होती. मोजता मोजता ती थांबली.

"धम्मदीप, आता पळव."

त्यानं वेग वाढवला. प्रतिक्षानं म्हातारीला उताणी करून तोंडावर उपकेंद्रातून आणलेला मास्क दाबला आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी रुद्रप्पाच्या हातात दिली. "मी म्हनीन तेवा दाबा. जोरात नको. दाबा. सोडा. दाबा."

आईचा श्वास आता त्याच्या मुठीत होता. लय त्यानं चुकू दिली नाही.

अक्कलकोट तीन किलोमीटरवर असताना आकडा शून्यावर आला. गाडी चार पावलं सरकली आणि थांबली. धम्मदीप उतरून एकटाच मागून ढकलू लागला. चिखलात पाय घसरत होते.

तेवढ्यात समोरून सिद्धाप्पा आला. मागं डिझेलचा भरलेला कॅन. या गाडीला त्याचा काही उपयोग नव्हता. हौद्यात आईला पाहून त्याला रडू फुटलं.

"रडू नको, कॅन सोड!" धम्मदीपनं कॅनची दोरी ओढून काढली, मोटारसायकल वळवून तिच्या मागं बांधली आणि दोरीचं दुसरं टोक टेम्पोला. "हळू उचल. दोरी तुटली तर संपलं."

ते तीन किलोमीटर पार व्हायला वीस मिनिटं लागली. रुद्रप्पा दाबत राहिला, सोडत राहिला.

दवाखान्यात इंजेक्शन मिळालं. पुढं सोलापुरात चंद्रव्वा तीन दिवस व्हेंटिलेटरवर होती. नवव्या दिवशी ती घरी आली. आवाज बसलेला, पाय सुजलेला, पण जिवंत.

महिन्याभरानं ग्रामसभेत रुग्णांसाठी गावाची गाडी घ्यायचा विषय निघाला. डिझेलची की बॅटरीची, यावर दोन तट पडले. धम्मदीप उठला. "माझी गाडी तीन किलोमीटर आधी बंद पडली. त्ये बी ध्यानात घ्या."

"आनि माझी दारातनं हललीच न्हाय," रुद्रप्पा म्हणाला. "कुटली का गाडी असंना, लाईट नसताना ती कशावर पळंल त्ये आधी ठरवा."

गाडी बॅटरीचीच घ्यायची ठरली, पण शाळेच्या छतावर सौर पॅनेल आणि साठवणीची बॅटरी बसल्यावरच. तोवर रुद्रप्पाची जीप गावासाठी राखीव, टाकी कायम अर्धी भरलेली.

त्या दिवसापासून धम्मदीपही चार्जिंग निम्म्याखाली जाऊ देत नाही. बाजारची एक फेरी बुडाली तरी चालेल, म्हणतो.