पांढऱ्या खुणेची बाजू

तायनान शहरातल्या त्या गल्लीत कुणाचा पंखा अडला, कुणाचा कॉम्प्युटर डोळे मिटून पडला, की लोक आधी लाय जिनतूचं दार वाजवत. साखर कारखान्यात चाळीस वर्षं वायरमन म्हणून राबून तो घरी बसला होता. दुरुस्तीचा मोबदला त्याने कधी घेतला नाही. त्याला हवी असे शाबासकी, आणि ती मात्र तो पुरेपूर वसूल करी.

समोर हुंग बीयूचं भरतकामाचं दुकान होतं. देवळांचे झेंडे, देवांचे अंगरखे. नवरा गेल्यावर तिने ते मोठं मशीन एकटीने चालवलं. मशीनच्या सुयांना हुकूम देणारा जुनाट कॉम्प्युटर टेबलाखाली असे. तो बंद पडला तेव्हा समुद्रदेवीच्या मिरवणुकीला पंधरा दिवस उरले होते आणि मोठा झेंडा अर्धाच भरून झाला होता.

नेमकी त्याच वेळी मुलगी यावेन कावशुंगहून आलेली. तिचं एकच पालुपद. "आई, सत्तरी आली. दुकान बंद कर नि माझ्याकडे चल. तुला आता काही लक्षात राहत नाही."

"हा झेंडा वेळेवर देते," बीयू म्हणाली, "मग बघू लक्षात कुणाच्या राहत नाही ते. झेंडा झाला तर परत हा विषय काढायचा नाही."

"आणि नाही झाला तर?"

"तर दुकानाची किल्ली तुझी."

जिनतूने कॉम्प्युटरची पेटी उघडली. आतल्या बोर्डावरच्या, वीज साठवणाऱ्या नऊ कपॅसिटरांची डोकी फुगून टम्म झाली होती.

"एवढंच ना! वहिनी, दुपारच्या झोपेआधीचं काम."

"काका, तायपेईत एक जण ही जुनी मशीनं बघतो," यावेन म्हणाली. "त्याला बोलावू?"

"तो चार दिवसांनी उगवणार, आणि करणार तेच जे मी आज करतोय. बोलव हवं तर. तोवर तुझी आई झेंडा हाताने भरेल."

बीयू हसली. "मिस्त्री, तुम्हीच करा."

दर शनिवारी चहाच्या दुकानामागे चार-पाच म्हातारे जुने बोर्ड घेऊन जमत. आहुई त्यांच्यातला. नवे कपॅसिटर त्याच्याकडेच मिळाले. देताना त्याने बजावलं, "जुने काढायच्या आधी फोटो काढ हं. कोण कुठे तोंड करून बसलाय, त्याचा."

"माशाला पोहायला शिकव तू. पांढरी खूण म्हणजे वजा. चाळीस वर्षं तेच बघतोय."

कपॅसिटरला दोन पाय, एक अधिकचा, एक वजाचा. उलटा बसला तर फुटतो. म्हणून बोर्डावर पांढरी खूण छापलेली असते. जिनतूने जुने नऊ उपटले, नवे नऊ वजाची बाजू पांढऱ्या खुणेकडे करून डाख देऊन बसवले. हात अजून थरथरत नाही, याचा त्याला अभिमान वाटला. त्याने बटण दाबलं.

तीनपर्यंत मोजावं एवढा वेळ सगळं ठीक होतं. मग फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज झाला. धूर, करपट वास. सुया हलवणारं कार्डही त्यातच गेलं, आणि ते बनवणारा कारखाना केव्हाच बंद झालेला.

बोर्डाच्या कोपऱ्यात एक धड, जुना कपॅसिटर होता, त्याने हात न लावलेला. त्याच्या अंगावरची वजाची पट्टी पांढऱ्या खुणेच्या उलट बाजूला होती. या बोर्डवाल्याने पांढरा रंग अधिकच्या बाजूला छापला होता. एका नजरेत कळलं असतं. ती नजर त्याने टाकली नव्हती.

धुरातून बीयू पुढे आली. तिने पेटीवरचा हिरवा पुडा उचलला. यंत्राने गुणी लेकरासारखं वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचा पुडा ठेवतात. तो हिरवाच हवा, न फोडलेला हवा आणि तारीख उलटलेली चालत नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बीयूने पुडा उलटा करून डोळ्यांजवळ धरला.

"तारीख दोन महिन्यांपूर्वीच संपली," ती हळूच म्हणाली. "बदलायला विसरले मी."

"बघ! मी काय म्हणत होते?" यावेन म्हणाली.

जिनतूच्या जिभेवर वाक्य आलं होतं. वहिनी, माझा हात चुकला. तेवढंच बोलायचं होतं. पण दोघी त्याच्याकडे बघत होत्या, आणि चाळीस वर्षांत काम फसल्यावर असं कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

"तारीख उलटली म्हटल्यावर," तो म्हणाला, "मी तरी काय करणार?"

अर्धा झेंडा दुसऱ्या दुकानाला गेला, मशीन भंगारवाल्याच्या गाडीत. किल्ली बीयूने न मागताच मुलीच्या हातात ठेवली. कावशुंगला निघायच्या सकाळी ती जिनतूकडे माशाची पेज घेऊन आली. "तुम्ही घाम गाळलात आणि माझ्या विसरभोळेपणाने सगळं मातीत गेलं. मनात ठेवू नका." तो खाऊन संपवेपर्यंत ती समोर बसून राहिली.

शनिवारी आहुईने जळका बोर्ड हातात घेऊन फिरवला. "खूण उलटी छापलीय. तिला सांगितलंस?"

"सांगून मशीन परत येणार आहे?"

"मशीनचं नाही विचारलं मी." आहुईने आपली हत्यारं गोळा केली आणि चहा तसाच टाकून तो उठला. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्यापुढच्याही नाही.

तीन महिने जिनतूने कुठल्याच पेटीला स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. मग एक दिवस त्याने कावशुंगची गाडी पकडली.

यावेनचं जेवणाच्या डब्यांचं दुकान. दुपारची रांग. काउंटरमागे बीयू भात वाढत होती, आणि तिच्यामागच्या भिंतीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मीठ घातलं का. मागचं दार लावलं का. गॅस बंद केला का.

"अगंबाई, मिस्त्री! वाट चुकलात?"

त्याने रांगेत उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खूण, नऊ कपॅसिटर, न काढलेला फोटो. "पुड्याचा काही संबंध नव्हता. तुमचं डोकं शाबूत आहे, वहिनी."

बीयूचा डाव हवेत थांबला. "हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"पेज खाल्लीत तेव्हाही?"

त्याने होकाराची मान हलवली.

"आजोबा, आटपा की," मागून कुणीतरी ओरडलं. "इथे पोटात कावळे ओरडतायत."

बीयूने डाव खाली ठेवला. वळून भिंतीवरची गॅसची चिठ्ठी ओढून काढली. बराच वेळ ती हातात धरून उभी राहिली. मग चिठ्ठी पुन्हा जागेवर लावली, अंगठ्याने चारी कोपरे दाबून बसवले, आणि त्याच्याकडे न बघता गॅस बघायला आत गेली.