मोकळा हात

"काढा सुया. बास झालं आता," पंपवाले म्हणाले.

"अजून सव्वा तास आहे, काका." सिस्टरने यंत्राकडे बोट दाखवलं.

"अहो, एवढ्या वेळात मी दोन मोटारी खोलून परत बसवल्या असत्या."

डायलिसिसच्या त्या लांबट खोलीत आठवड्यातून तीनदा हाच वाद व्हायचा. पंपवाल्यांनी चाळीस वर्षं इमारतींचे पंप दुरुस्त केले होते. हात रिकामे राहिले की त्यांचं डोकं फिरायचं. इथे डावा हात दोन सुया टोचून उशीवर ठेवलेला आणि उजव्याला काम नाही. मग ते 'माझ्या जबाबदारीवर जातोय' अशी सही करून लवकर उठायचे आणि दोन दिवसांनी सुजलेल्या पायांनी धापा टाकत परत यायचे. "असंच चाललं तर एक दिवस उचलून आणावं लागेल," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

शेवटी सिस्टरने त्यांच्या फोनवर एक फुकटचा खेळ टाकून दिला. गाणं वाजतं, वरून काळ्या पट्ट्या घसरत येतात, ताल धरून त्यांच्यावर बोट मारायचं. चुकलं की गाणं बंद.

"पोरखेळ आहे नुसता," म्हणत त्यांनी सुरुवात केली, आणि चार तास कधी संपले ते त्यांना कळलंच नाही. महिनाभरात पायांची सूज उतरली.

पण खेळाने त्यांना पुरतं धरलं. दर गाण्यानंतर कर्कश जाहिरात लागायची, अख्खी खोली दचकायची. पाच 'जीव' संपले की अर्धा तास थांबणं भाग. तेवढ्या वेळात ते सगळ्यांवर खेकसून घ्यायचे. घरी बायको काही सांगू लागली की, "थांब गं, गाणं चाललंय."

एका शुक्रवारी दोन्ही हातांनी वाजवायचं गाणं लागलं. भान न राहून त्यांनी डावा हात उचलला. सुई सरकली, कोपराखाली लिंबाएवढी सूज आली, चादर लाल झाली. यंत्र ओरडायला लागलं. सिस्टरने धावत येऊन हात दाबून धरला. हेडसिस्टरने तिला सगळ्यांदेखत झापलं.

"तिला बोलू नका," पंपवाले मान खाली घालून म्हणाले. "माती मी खाल्ली."

खेळ त्यांनी स्वतःच बंद केला. दोन खेपा छताकडे बघत काढल्या. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच, "काढा सुया."

तेव्हा उजवीकडच्या पलंगावरून बाई बोलल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वर्षभर शेजारी असून मान हलवण्यापलीकडे कधी काही नाही. त्यांच्या सुया उजव्या हातात असायच्या.

"दोन हात लागतात ना त्या गाण्याला? तुमचा उजवा मोकळा आहे. माझा डावा."

सिस्टरने हेडसिस्टरची परवानगी काढली. अट एकच, सुयांचे हात पट्टीने अलगद बांधणार. फोन मधल्या ट्रॉलीवर टेकवला, इयरफोन एकेका कानात. पहिलं गाणं अकरा ठोक्यांत आटोपलं.

"घाई करता तुम्ही."

"आणि तुम्ही मोजत बसता!"

जाहिरात लागली की हात मोकळे, मग बोलणं. अर्ध्या मिनिटात बोलून होणार किती? सोमवारी सुरू झालेली गोष्ट बुधवारी संपायची. बाईंचा भाऊ त्यांना किडनी द्यायला तयार आहे, तपासण्या चालू आहेत, हे पंपवाल्यांना असं तुकड्या-तुकड्यांनी कळलं. घरी ते फोन कपाटात ठेवू लागले. "हल्ली हे चक्क बोलतात माझ्याशी," त्यांच्या बायकोने सिस्टरला सांगितलं.

चार महिन्यांनी बाईंचं ऑपरेशन ठरलं. "सुटले मी," त्या हसून म्हणाल्या आणि पंपवाल्यांच्या मोकळ्या हातावर क्षणभर हात ठेवून गेल्या.

आठवडाभर तो पलंग रिकामा होता. पंपवाल्यांनी फोन बाहेर काढला नाही, पण एकदाही लवकर उठले नाहीत.

मग तिथे एक मुलगी आली. पहिलीच वेळ. नळ्यांमधलं रक्त बघून पांढरीफटक पडलेली. "मला घरी जायचंय," ती सिस्टरला म्हणाली. अजून दोन तास बाकी होते.

पंपवाल्यांनी ट्रॉली मध्ये ओढून फोन टेकवला. "डावा हात मोकळा आहे ना तुझा? आण इकडे."

तिने डोळे पुसून बोट पुढे केलं. सहाव्या ठोक्याला चूक झाली, जाहिरात लागली.

"हं," ते तिच्याकडे वळून म्हणाले, "आता सांग. घरी कोण कोण असतं?"