ज्या दिवशी डबी उकळली

मी गाडीची एक जुनी लोखंडी किल्ली आहे, मित्रांनो, पण आधीच सांगून ठेवते: मला कुणाची कीव नको.

जन्म: लोखंडाच्या पट्टीतून, कानस घासणाऱ्या एका कारागिराच्या हातून. पुरे.

नोकरी: गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या व्हॅनवर, एकोणीस वर्षं. बाईंची एक शिस्त होती. गोठ्यातून परतल्या की त्या अ‍ॅप्रनचा खिसा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात उलटा करायच्या. चिमटा, कात्री आणि त्यांच्या जोडीला मी. रोज उकळले, रोज पुसली गेले, रोज कामावर गेले.

मग नवी गाडी आली. तिची किल्ली म्हणजे एक गुळगुळीत काळी डबी. बटण दाबलं की गाडी लांबूनच डोळे मिचकावते. तिचे गुण मी नाकारत नाही. दोन्ही हात भरलेले असले तरी दार उघडतं. तिची नक्कल सहजी होत नाही. माझी कुठल्याही टपरीवर दहा मिनिटांत व्हायची. एकदा तर मी कुलपात अडकून बाईंना तासभर पावसात उभं केलं होतं. मान्य. पण म्हणून मला खिळ्याला टांगायचं? व्हॅन भंगारवाल्याला कबूल करायची?

भंगारवाला यायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. त्या सकाळी बाई घरी परतल्या आणि सवयीने खिसा पातेल्यात उलटा केला.

डबी उकळली.

तेवढ्यात फोन आला. एक गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता. बाई धावल्या. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गाडी ढिम्म.

“लांबून ऐकते ना ती?” बाईंचे सासरे ओट्यावरून म्हणाले. “मार की हाक.”

“बाबा, थट्टा नंतर करा. तिकडे गाय मरेल.”

सासऱ्यांचं हसू मावळलं. त्यांनी मला खिळ्यावरून काढून सुनेच्या हातात दिलं.

व्हॅन दोनदा खोकली. तिसऱ्या वेळी मी अशी फिरले की मान मोडायची. मोडली नाही.

वासरू जिवंत निघालं. गाईला उभं राहायला दुपार झाली, पण राहिली. बाईंनी हात पुसले आणि तिथूनच भंगारवाल्याला फोन करून सांगितलं, येऊ नका.

नवी डबी आठवड्याने येईल. येऊ दे. तिला मऊ पिशवीत ठेवतील, पाण्यापासून जपतील. मित्रांनो, मला मात्र जपू नका. वापरा. मला गंज कामाने चढत नाही, पडून राहिल्याने चढतो.