सगळ्यांना चार वाजता

नणंद-भावजयीने मिळून घरं भाड्याने देण्याचा धंदा काढला, तेव्हा ओळखीपाळखीचे लोक म्हणाले होते, "आधी भांडणाचा आवाज येईल, मग शटर खाली येईल." शटर काही खाली आलं नाही. भांडणाचा आवाज मात्र रोज यायचा, आणि त्या आवाजातच घरं भाड्याने जायची.

नणंदेला सगळे ताई म्हणत. बोलायचं काम ताईचं, किल्ल्या सांभाळायचं काम वहिनीचं. ताई फोनवर हसायची, हातवारे करायची, समोर माणूस नसताना उठून उभी राहायची. वहिनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघत किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधायची.

त्या रविवारी तर ताई सकाळपासून खुर्चीवर टेकलीच नव्हती. कारणही तसंच होतं. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी म्हातारपणी दवाखाना पाडून तिथे छोटी इमारत बांधली होती. तळाला एक घर, वरच्या दोन मजल्यांवर दोन-दोन. भाडं त्यांनी कष्टाच्या माणसाला झेपेल असंच ठरवलं होतं. "आयुष्यभर ज्यांचे दात उपटले, त्यांना राहायला तरी मिळू दे," असं ते म्हणत. पण एक लॉजवाली कंपनी अख्खी इमारत मागत होती, आणि डॉक्टर डळमळायला लागले होते.

"ताई, मी जन्मभर लोकांचं विव्हळणं ऐकलंय," त्यांनी बजावलं होतं. "आता कुणाची तक्रार ऐकायची ताकद नाही. कंपनीला दिलं की माझ्या दाराशी कुणी येणार नाही. रविवारी संध्याकाळी मी येतो. एका छपराखाली नीट नांदतील अशी पाच कुटुंबं दाखवा. जमलं तर उत्तम, नाहीतर सोमवारी कंपनीला किल्ल्या."

ताईने माणसं निवडली ती अशी, की वहिनीने कपाळावर हात मारला. ज्यांना इतर घरमालकांनी दारातूनच परत पाठवलं होतं तेवढे सगळे ताईने गोळा केले होते. रात्रपाळी करणारी नर्स, कारण "एकटी बाई नको." बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा आणि त्याची बायको, कारण "वाद्य नको." दूर देशाहून आलेला बेकरीवाला आणि त्याची बायको, कारण "बाहेरचे नकोत." शिवणकाम करून तीन मुलगे वाढवणारी बाई, कारण "मुलं नकोत." छापखान्यातून निवृत्त झालेले, जवळजवळ ठार बहिरे आजोबा आणि चाकांच्या खुर्चीतल्या आजी, कारण "म्हातारे नकोत."

"माणसं नकोत, वाद्य नको, मुलं नकोत, म्हातारे नकोत," ताई करवादली होती, "मग घर भाड्याने देता कशाला? कुलपालाच राहू द्या की आत!"

"वन्सं, हे भाडेकरू आहेत की प्रदर्शन?" वहिनी म्हणाली होती. "आणि यांना बसवणार कुठे कुठे?"

"ठरलंय माझं. आजी-आजोबा तळाला. नर्स आणि बेकरीवाले मधे. ट्रम्पेट आणि ती तीन पोरं सगळ्यात वर. आवाज वर ठेवला की आकाशात जातो."

"पोरं पाय खाली आपटतात, वन्सं. आकाशात नाही."

पण ताई तोवर फोन लावत होती, आणि फोन लावताना तिने जे केलं ते कुठल्याही मुरलेल्या एजंटाने केलं असतं. तिने पाचही जणांना एकच वेळ दिली, चार वाजता. या धंद्यात एक नियम सगळे पाळतात, की एका गिऱ्हाइकाने दुसरं गिऱ्हाईक बघता कामा नये. आणि सगळ्यांना एकच वेळ देऊनही तो नियम पाळला जातो, कारण वेळेवर कुणीच येत नाही. चारला बोलावलं की पहिलं कुटुंब सव्वाचारला उगवतं, दुसरं पाचला, तिसऱ्याला सासूबाई बोलावतात आणि चौथं फोनच उचलत नाही. प्रत्येकाला वेगळी वेळ देणारा एजंट दिवसभर मोकळ्या घरात माश्या मारत बसतो. ताईने अशीच शेकडो घरं दाखवली होती.

मात्र ती दाखवली होती हौसेने घरं बघायला आलेल्या लोकांना. हे पाच जण वेगळे होते.

चारला थोडा अवकाश असतानाच दोघी रिक्षातून उतरल्या आणि ताईच्या तोंडचं पाणी पळालं. पाचही कुटुंबं इमारतीसमोर हजर होती. ज्याला घराची खरी गरज असते तो वेळेच्या आधी येतो, हे तिला इतक्या वर्षांत बघायलाच मिळालं नव्हतं. शिवणकामवालीची पोरं जिना चढून-उतरून झाली होती. ट्रम्पेटवाल्याने वाद्य चक्क बरोबर आणलं होतं, "घरात आवाज कसा घुमतो ते बघायला." नर्स भिंतीला टेकून उभी होती. ड्युटीवरून थेट आली होती आणि उभ्या-उभ्या पेंगत होती.

"आता?" ताईने वहिनीचं मनगट धरलं.

"आता काय! प्रदर्शन भरलंय, तिकीट लावा."

वहिनीने दारं उघडली. आजी-आजोबा खालीच थांबले, बाकी सगळे एकदमच जिन्यात शिरले, आणि पहिल्या मजल्यावर व्हायचं ते झालं. नर्सने ट्रम्पेटवाल्याला विचारलं, "तुम्ही कुठे राहणार?"

"तुमच्या डोक्यावर," तो खुशीत म्हणाला.

"आणि वाजवता कधी?"

"सकाळी. दहाला बसतो, जेवणापर्यंत."

"सकाळी दहाला मी झोपते हो." ती भिंतीला टेकली. "नाही जमायचं मला. ताई, आधी सांगायचं नाही का?"

नेमके त्याच वेळी डॉक्टर जिन्यात उभे होते. घरी चैन न पडून तेही लवकर आले होते.

"झालं?" ते म्हणाले. "अजून सामान आलं नाही, आणि तक्रार आली."

ताई दोन पायऱ्या पुढे सरकली. काहीतरी बोलून सावरायचं म्हणून तिने तोंड उघडलं, एवढ्यात खालून आजोबांचा आवाज जिनाभर दणाणला. "काय झालं? वर काय झालं?"

आजींनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. आजोबा हसत सुटले. "अरे, मग माझ्या डोक्यावर वाजव! मला तोफ ऐकू येत नाही, तुझी पिपाणी काय येणार?"

"पण आजींना?" ट्रम्पेटवाला कठड्यावरून वाकला.

"मला येतं ना ऐकू," आजी म्हणाल्या. "दिवसभर यांचा मोठ्याने लावलेला रेडिओ ऐकते, तोही बातम्यांचा. तू गाणी वाजवशील का?"

"सांगाल ती!"

"मग ये की. आणि त्या पोरांनाही आमच्याच डोक्यावर आण, वर कुणीतरी आहे एवढं तरी कळेल."

मग काय, जिन्यात बाजारच भरला. शिवणकामवाली म्हणाली, मुलं शाळेतून येईस्तोवर ती मशीन चालवते, सोबतीला ट्रम्पेट असेल तर बरंच. बेकरीवाला म्हणाला, तो पहाटे जातो आणि दिवेलागणीला झोपतो, त्याला ट्रम्पेटच्या वरचं घर चालेल, नर्सने शेजारचं घ्यावं. त्याच्या बायकोला इथले तीनच शब्द येत होते. तिने वर बोट दाखवलं, नर्सकडे दाखवलं, दोन्ही हात गालाखाली घेऊन डोळे मिटले आणि म्हणाली, "छान!"

ताईला राहवेना. ती मधे पडायला निघाली, तर वहिनीने मागून पदर ओढला.

"वन्सं, जन्मात एकदा गप्प बसा."

ताई गप्प बसली. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरावं लागलं, पण बसली.

डॉक्टर पायरीवर बसून होते. पोरं त्यांना ओलांडून ये-जा करत होती. बऱ्याच वेळाने ते उठले आणि धोतराला लागलेली धूळ झटकत म्हणाले, "ताई, एक सांगू? तक्रार झाली. मिटलीसुद्धा. पण मला कुणी काही विचारलंच नाही."

"चुकलंच डॉक्टर, आम्ही..."

"चुकलं काय? हेच तर हवं होतं मला!" त्यांनी तिथेच कंपनीला फोन लावला. "नाही, उद्या येऊ नका. अहो, जागाच उरली नाही!"

ताई जिन्यात अशी उडी मारून किंचाळली, की आजोबांनीही मान वर केली. ट्रम्पेटवाल्याने वाद्याची पेटी उघडलीच. बेकरीवाल्याच्या बायकोने वहिनीला मिठी मारली, आणि मिठ्यांची सवय नसलेली वहिनी चष्मा सावरत राहिली.

तेवढ्यात नर्स वरून दोन पायऱ्या खाली आली. नव्या घराची किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती.

"एक विचारू? खोलीत अजून काही नाही, पण फरशी स्वच्छ आहे. मी आत्ताच झोपले तर चालेल का? रात्री पुन्हा ड्युटी आहे."

मग ट्रम्पेटवाल्याने पेटी हळूच मिटली. शिवणकामवालीने तिन्ही पोरांना चपला हातात घ्यायला लावल्या. आणि सगळी वरात, डॉक्टरांसकट, चवड्यांवर जिना उतरू लागली. सगळ्यात पुढे ताई होती. तोंडावर बोट ठेवून ती मागच्यांना गप्प करत होती, आणि सगळ्यात जास्त आवाज तिच्याच "श्शू"चा होत होता.