मीटरवरचे पंचेचाळीस

अनिताने रेस शेवटपर्यंत पिळली, तरी मागचा ट्रॅक्टर जवळ येतच राहिला. भवानीनगरच्या कारखान्यावर ऊस उतरवून निघालेला, दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत, मोठ्याने गाणं लावून तो तिच्या शेजारी आला आणि निवांत पुढे निघून गेला. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या इलेक्ट्रिक गाडीच्या मीटरवर मात्र पंचेचाळीस होते.

ट्रॅक्टर पंचेचाळीसला मागे टाकतो होय? तिने पुढच्या किलोमीटरच्या दगडापाशी मीटर पाहिलं, त्याच्या पुढच्या दगडापाशी पुन्हा पाहिलं. दगडाच्या हिशोबात एक किलोमीटर झाला होता, गाडीच्या हिशोबात जवळपास दोन. रस्त्याकडेचे दगड काही कुणी उचलून जवळ जवळ लावलेले नव्हते.

बारामतीच्या भाजी पॅकिंग शेडवर ती पोचली तेव्हा भेंडीचे क्रेट उघडून झाले होते. शेडच्या मालकीणबाईंनी, सरोजिनीबाईंनी, महिन्यापूर्वी सांगितलं होतं की जी रोज आठच्या आत येईल, तिच्याकडे शेडची किल्ली द्यायची. किल्ली म्हणजे सगळ्या बायकांची मुकादमी. भेंडी निवडण्यात अनिताचा हात धरणारी तिथे कुणी नव्हती आणि ते बाईंनाही ठाऊक होतं. पण माल नेणारा टेम्पो हात बघून थांबत नाही. आज किल्ली सुप्रियाच्या कमरेला लटकत होती. सुप्रिया वडगाव निंबाळकरहून एसटीने यायची. एसटीने, आणि तरी वेळेत. अनिताने मान खाली घातली आणि भेंडी निवडायला बसली. दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर ते दोन दगड होते.

ही गाडी संथच होती. बिनलायसनची, पंचवीसच्या वर न जाणारी. किल्लीची गोष्ट निघाली तेव्हा तिचा भाऊ अविराज म्हणाला होता की ही देऊन टाकू, जोरात पळणारी घेऊ, लायसनचं मी बघतो. नवरा, ज्ञानेश, सरळ नाही म्हणाला. ही रोज पहाटेच निघाली तर घरची भेंडी कोण तोडणार, हा त्याचा सवाल. त्याच्याशी ती चार दिवस भांडली. मध्ये पडले ते सासरे, अप्पा. नवी कशाला, हिचाच अडवलेला वेग मोकळा करून आणतो, पळंल वाऱ्यागत, असं म्हणून त्यांनी स्वतः गाडी शिवमच्या गॅरेजला नेली आणि संध्याकाळी चालवत आणली. मीटरवर पंचेचाळीस बघून अनिताला भरून आलं होतं. अविराजला तिने फोनवर नको म्हणून कळवलं. सासरा असावा तर असा, हे शेडमधल्या बायकांना इतक्यांदा ऐकवलं की त्या तिला चिडवायला लागल्या.

आणि उशीर तर होतच राहिला. मीटर पंचेचाळीस दाखवतंय म्हटल्यावर चूक आपलीच, असं ती धरून चालली. आधी समोरच्या वाऱ्याला दोष दिला. मग भाकरी पहाटे थापायला लागली. शेवटी घरातलं भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करून ठेवलं. तरी उशीर.

सुटी झाल्यावर ती घरी गेली नाही. आपल्या गावात, लासुर्ण्यात शिरताच शिवमच्या गॅरेजपुढे उभी राहिली आणि गाडीला नक्की काय केलं ते विचारलं. शिवम चाकाच्या तारा आवळत होता. त्याने आधी बॅटरीचं काहीबाही सांगितलं, चढाचं सांगितलं. ती हलेना, तसा त्याने पाना खाली ठेवला.

"वहिनी, मी कायबी खोललं न्हाय. मीटरमदी चाकाचा आकार तेवढा मोठा भरला. अप्पाच म्हणाले, गाडी हाय तशी ऱ्हाऊ दे, नुसता आकडा वाढव."

"का म्हणाले?"

शिवम पुन्हा चाकाकडे बघू लागला.

"चार-धा दिस उशीर झाला की शेडच्या बाई आपसूक घरी बसवतील म्हणाले. आपून वाईट व्हायला नगं."

अनिताला रडू आलं नाही, संताप आला. ज्ञानेशने तोंडावर नाही म्हटलं होतं. त्याच्याशी भांडता तरी आलं होतं. अप्पांचे मात्र तिने वाकून पाय धरले होते. ज्या हाताने त्यांनी पाठीवर थोपटलं, तोच हात गाडी घेऊन इथे आला होता.

दिवेलागणीला ती दारात आली. अप्पा नेहमीसारखे ओट्यावरून उठले, खांद्यावरच्या टॉवेलने मीटर पुसायला लागले. गाडी आली की पुसायची आणि चार्जिंगला लावायची, हे काम त्यांनी कौतुकाने आपल्याकडे घेतलं होतं. रोजचा प्रश्नही ठरलेला.

"आज किती पळाली गं?"

लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांच्याकडे वर मान करून कधी उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं.

"तुमी शिवमला सांगितली तेवढीच, अप्पा."

टॉवेल मीटरवर तसाच राहिला. अप्पा बोलायला गेले असते तरी तिने थांबून ऐकलं नसतं. आत जाऊन तिने स्टूल ओढलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि काटे पंधरा मिनिटं मागे आणले. मग दार उघडंच ठेवून अविराजला फोन लावला आणि जोरात पळणारी गाडी बघायला सांगितलं.

अप्पा चार्जरची वायर हातात घेऊन उंबऱ्याशी आले होते. आत येऊ की नको, असं घुटमळत ते म्हणाले, "लावू का?"

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माजं मी लावते."