चारही दिवे

माझ्या नवऱ्याचे, राडोयकोचे, कान एका दिवसात गेले नाहीत. आधी शेजारचा कोंबडा गेला, मग भिंतीवरचं घड्याळ, मग दारावरची थाप. मी गेले नाही, कारण मी मोठ्यानं बोलते. पण गाडीत इंडिकेटर लावल्यावर जी टिकटिक होते, ती त्याच्या कानातून कधी निसटली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. गाडी जुनी. वळण संपल्यावर इंडिकेटरचा दांडा आपोआप मागं यायचा, ते फार पूर्वीच बंद पडलेलं. डॅशबोर्डवर एक हिरवा बाण आहे, पण उन्हात तो दिसत नाही. त्यामुळे राडोयको वळायचा, सरळ रस्त्याला लागायचा आणि डावा इंडिकेटर पुढच्या गावापर्यंत लुकलुकत राहायचा. मी शेजारी असले की त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारायची. नसले की देवच बघणार.

ऑगस्टच्या शेवटी तो एकटा गेला होता. मागून दुधाचा ट्रक येत होता. हा आता डावीकडे सूर्यफुलांच्या वाटेला वळणार, असं ट्रकवाल्याला वाटलं, म्हणून तो उजवीकडून पुढं काढायला गेला. हा वळलाच नाही. ट्रक चरात. माणसाला काही झालं नाही, पण तो ट्रकवाला आमच्या वेरित्साच्या नवऱ्याच्या ओळखीचा निघाला.

वेरित्सा आमची एकुलती एक मुलगी. शहरात पोस्टात असते. रविवारी ती आली आणि कोट न काढताच हात पुढं केला.

"बाबा, चावी दे."

"कशाला? तुझी बिघडली का?"

"तुझी विकायचीय. हिवाळ्याआधी तुम्ही दोघं माझ्याकडं राहायला या."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे."

"मी काय कपाट आहे, लिफ्टनं वर न्यायला?"

आमचं घर डोंगरावर आहे. बस यायची बंद झाली, दुकान मिटलं, डॉक्टर खालच्या गावात बसतो. गाडी गेली की घर गेलं, हे तिलाही माहीत होतं. म्हणूनच ती चावी मागत होती. राडोयकोनं चावी दिली नाही. ती खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून बसून राहिला. शेवटी वेरित्साच म्हणाली, "ठीक आहे. शनिवारी बाजारापर्यंत चालव. मी मागून येते. एकदा जरी इंडिकेटर विसरलास तर चावी माझी. आणि आई, तू शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. हातही हलवायचा नाही."

"नुसती बसू?" मी म्हटलं.

"देवळात बसतेस तशी."

दुसऱ्या दिवशी राडोयकोनं खालच्या गावातून तिहोमिरला आणलं. तिहोमिर रेडिओ दुरुस्त करतो, दर शनिवारी बाजारात जुन्या सामानाचा ठेला लावतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ऐकू येत नाही तर दिसू दे. डोळे आहेत ना अजून?"

"तुझं टक्कल दिसतंय," राडोयको म्हणाला.

तिहोमिरच्या खिशात एका मोडक्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेला लाल एलईडी होता. हरभऱ्याएवढा, पण लागला की डोळ्यात घुसणारा. गाडी अंगणात होती, नाक गोठ्याच्या भिंतीला आणि शेपूट लाकडाच्या ढिगाला टेकलेली. तिहोमिरनं स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. इंडिकेटरच्या दांड्यातून दोन वायरी निघत होत्या, एक डाव्या दिव्यांकडं, एक उजव्या. त्यानं दोन्ही वरून थोड्या सोलल्या, दोन्हींना वायरीचा एकेक तुकडा जोडला, त्या तुकड्यांची टोकं एकत्र पिळली आणि रेझिस्टन्स लावून एलईडीच्या लांब पायाला जोडली. आखूड पाय गाडीच्या अंगाला, एका स्क्रूखाली. सोल्डर केलं, टेप गुंडाळली, आणि दिवा बरोबर राडोयकोच्या नजरेसमोर, वेगाच्या काट्याशेजारी चिकटवला.

"डावा लाव."

लाल दिवा लुकलुकू लागला.

"आता उजवा."

पुन्हा लुकलुकला.

"जरा घाईनं लुकलुकतोय," राडोयको म्हणाला.

"बरंच आहे. लवकर दिसेल."

तेवढ्यात मी दारातून हाक मारली. चीज भरलेली गिबानित्सा भट्टीतून नुकतीच काढली होती, चीज अजून बुडबुडत होतं, आणि राकियाचे, घरच्या फळांच्या दारूचे, पेले भरून ठेवले होते. आमच्याकडं काम झालेल्या उस्तादाला उभं ठेवत नाहीत, आणि पेला भरला की उस्तादही थांबत नाही. दोघं आत आले. गाडी बाहेरून कशी दिसते ते बघायला कुणी गेलं नाही. गेलं असतं तरी पुढं भिंत आणि मागं लाकडं होती.

शनिवारी सकाळी निघालो. वेरित्सा मागं. मी मांडीवर हात ठेवून, देवळात बसतात तशी. डोंगराच्या वाटेवरून मोठ्या रस्त्याला लागताना राडोयकोनं इंडिकेटर लावला, लाल दिवा पेटला, वळण झालं, त्यानं लगेच दांडा मागं घेतला. माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी समोर बघत राहिले.

मोरावा नदीच्या बाजूच्या सरळ रस्त्यावर एक ट्रॅक्टर पुढं लागला, ट्रॉलीत मिरच्यांची पोती. आमच्याकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून पुढं काढायला राडोयकोनं डावा इंडिकेटर लावला. समोरून वाळूचे ट्रक येत होते, एकामागून एक. तो घाई करणाऱ्यांतला नाही. ट्रॅक्टरच्या मागं, त्याच चालीनं, इंडिकेटर लावून जात राहिला. लाल दिवा लुकलुकत होता आणि तो समाधानानं त्याच्याकडं बघत होता.

थोड्या वेळानं ट्रॅक्टरवाल्यानं आरशात पाहिलं. त्यानं ट्रॅक्टर कडेला घेतला, थांबवला आणि टोपी काढली. राडोयकोनं त्याला हात केला आणि पुढं गेला. उजवा इंडिकेटर, लाल दिवा, दांडा मागं. काही चूक नाही.

"चांगला माणूस," तो म्हणाला.

मग रस्त्याकडेच्या खानावळीबाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. एका बाईनं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तीन बोटं जुळवून छातीवर क्रूस काढला. मागून हॉर्न ऐकू आला, एकदा, मग पुन्हा, मग लांब. वेरित्साचाच हॉर्न, मला ओळखू येतो. मी राडोयकोकडं बघितलं. तो गुणगुणत होता. मी बोलायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही. कुणीतरी गेलं असावं आणि वेरित्साला ते फोनवर कळलं असावं, असं मला वाटलं. आरसा त्याच्या बाजूला वळवलेला होता, मला मागचं काही दिसत नव्हतं.

बाजाराशी पोचलो तेव्हा उतरून मागं पाहिलं. वेरित्साच्या गाडीचे चारही दिवे लुकलुकत होते. तिच्या मागच्या गाडीचेही. त्यांच्या मागच्या सगळ्यांचेही. पार पुलापर्यंत रांग होती आणि कुणी कुणाला ओलांडत नव्हतं. आमच्याकडं मयताच्या गाड्या चारही दिवे लावून हळू जातात आणि त्या रांगेला कुणी ओलांडत नाही.

काळा टाय लावलेला एक माणूस वेरित्साजवळ आला आणि हळूच म्हणाला, "माफ करा, कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," वेरित्सा म्हणाली.

राडोयको छाती काढून उभा होता. "एकदा तरी विसरलो का?"

"नाही."

"मग झालं."

"बाबा, तू डावा लावलास की चारही दिवे लागतात. उजवा लावलास तरी चारही. मला वाटलं गाडी बंद पडतेय, म्हणून मीही चारही लावले. मागच्यांनी माझं बघून लावले."

ठेल्यावरून तिहोमिर आला. "राडोयको, डावा लाव," म्हणाला आणि गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. बघितलं आणि कपाळाला हात लावला. "दोन्ही वायरी एकत्र पिळल्या मी. डावीकडचा करंट उजवीकडं जाणारच. आणि गिबानित्सा गरम होती."

"म्हणजे मी गिबानित्सा थंड करून वाढायला हवी होती?" मी म्हटलं. आता बोलायला हरकत नव्हती.

राडोयको हसला. वेरित्सा हसली नाही.

"ट्रॅक्टरमागं तू नीट थांबलास," ती त्याच्या कानाजवळ येऊन म्हणाली. "मला वाटलं होतं घुसशील. पण मी हॉर्न वाजवला, बाबा. तीनदा. शेवटी हात दाबूनच ठेवला. रुग्णवाहिका असती तर?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "वाजवला?"

"वाजवला," मी म्हटलं.

तो गाडीच्या बॉनेटवर बसला. समोर मिरच्या विकणारे ओरडत होते, त्यातलं त्याला किती पोचत होतं कुणास ठाऊक. दर शनिवारी तो इथं येतो. तिहोमिरच्या ठेल्यामागं खोक्यावर बसून त्याच्याशी भांडतो, जुने मित्र भेटतात, दुपारी कबाब खाऊन घरी येतो. आठवड्यात त्याचा हाच एक दिवस.

"मोठ्या रस्त्याला मी येणार नाही," तो म्हणाला. "डोंगरावरून खालच्या गावापर्यंत चालवेन. डॉक्टर, दूध, पीठ. तिथं मागून कोण येणार, शेळ्या. बाजाराला तू ने."

"दर शनिवारी?"

"जमेल तेव्हा. नाहीतर तिहोमिर नेईल. तो माझं देणं लागतो, माझी मयत काढलीय त्यानं."

वेरित्सा त्याच्याकडं बघत राहिली. तिनं हात पुढं केला. त्यानं खिशातून चावी काढली, क्षणभर मुठीत धरली आणि तिच्या हातावर ठेवली. ती गाडीत बसली नाही. स्टिअरिंगखाली वाकली, मोबाइलचा उजेड पाडला आणि तिहोमिरला म्हणाली, "सोडव आता. मी धरते."

तिहोमिरनं पीळ सोडवला, ठेल्यावरून दुसरा एलईडी आणला आणि डाव्याला एक, उजव्याला एक असे वेगवेगळे जोडले. मग वेरित्सानं चावी बापाच्या हातात परत दिली, त्याला आत बसवलं आणि स्वतः गाडीच्या मागं, आरशात दिसेल अशी उभी राहिली. त्यानं डावा लावला. तिनं डावा हात वर केला. उजवा लावला. उजवा हात. मग ती चालत त्याच्या खिडकीशी आली.

"हिवाळ्याची लाकडं भरलीत का?"

"काय?"

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "लाकडं. आहेत ती पुरतील का?"

"अर्धीच आहेत," तो म्हणाला. "तू चावी घेणार म्हणून थांबलो होतो."

"मग सोमवारी मागवा," वेरित्सा म्हणाली आणि मिरच्या बघायला निघून गेली.